पाण्यात ठेवलेले तीन गोळे

आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी साक्षी असतात. उपदेशाच्या आधी पाळकसाहेब विचारतात, कोणाला काही सांगायचंय का, आणि मग कोणीतरी उठून सांगतं: मुलीचं लग्न जमलं, गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, बोअरला पाणी लागलं. साक्ष देणाऱ्याला मध्ये कोणी तोडत नाही. प्रश्न विचारत नाही. साक्ष संपली की सगळे आमेन म्हणतात आणि पुढचं गीत सुरू होतं. माझ्या माहितीत हा नियम एकदाच मोडला, आणि तो माझ्या साक्षीला मोडला. आमेनही कोणी म्हटलं नाही.

त्याला आता तीन वर्षं होतील. गावात अजून सांगतात की मी दिराला पोलिसांच्या हवाली केलं, मेलेल्या नवऱ्याची अब्रू चर्चमध्ये उघडी केली, आणि हे सगळं धंदा एकटीच्या हातात राहावा म्हणून केलं. सांगणारे माझ्याच काट्यावर भंगार आणतात आणि माझाच चहा पिऊन जातात. त्यांना मी तोंडावर उत्तरं दिलीत. पण तोंडी दिलेलं उत्तर दोन दिवसांत गावाचं होतं, आपलं राहत नाही. म्हणून लिहिते.

आमचं गाव नगरपासून बसने तासाभरावर. गावाचा माळ संपतो तिथून लष्कराचं रान सुरू होतं. तिथे तोफांचा सराव चालतो. आवाजाने फळीवरची भांडी वाजली की पाहुणा दचकतो, आम्ही भाजी ढवळत राहतो. रानात जायला मनाई आहे, जागोजागी पाट्या आहेत, आणि तरी पूर्वीपासून माणसं जातात, कारण तिथे लोखंड, तांबं, पितळ पडलेलं असतं. आमच्या शेतात यातलं काही उगवत नाही, आणि दुसरंही फारसं काही उगवत नाही.

फुटलेल्या गोळ्याचे तुकडे वेचणं एक. न फुटलेला गोळा घरी आणणं अगदी वेगळं. अख्ख्या गोळ्याला तांब्यापितळेचं वजन असतं, पण तो उघडता यावा लागतो. माझ्या नवऱ्याला येत होता. त्याला कोणी शिकवलं ते मला माहीत आहे, पण ते इथे सांगणार नाही. बारा वर्षं तो हे काम करत होता आणि बारा वर्षं त्याच्यासमोर बसून गोळा धरणारी मी होते. धरणाऱ्याला सगळं दिसतं. मला त्याच्याइतकंच येत होतं. फक्त ते कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण धरायला बसलेल्या बाईकडे कोण बघतं.

घरामागे आमचा एक सिमेंटचा हौद होता. आणलेले गोळे नवरा त्यात टाकायचा. पाणी हिरवं, वर शेवाळ, तळाला काय आहे ते दिसायचं नाही. त्याचा हेतू तेवढाच होता. कधी तपासणी आली तर हौदात कोणी हात घालणार नाही. पण गावाने बघितलं ते असं की हा माणूस गोळे पाण्यात ठेवतो, पंधरा-वीस दिवसांनी काढतो, उघडतो, आणि याला काही होत नाही. मग गावाने ठरवलं की पाण्यात भिजवलं की गोळा मरतो. किती दिवस भिजवायचा यावर पारावर वाद चालायचे. नवऱ्याला कोणी विचारलं तर तो नुसता हसायचा. त्याला वाटायचं, लोक चुकीच्या गोष्टीच्या मागे लागलेत ते बरंच आहे.

तो गेला त्या दिवशी मी समोर नव्हते. थोरलीच्या शाळेत पालकांची बैठक होती. शेतातल्या खोपीत तो एकटाच बसला होता. बैठकीहून मी थेट खोपीवर गेले, त्यामुळे सर्वांत आधी मीच पोहोचले. काय बघितलं ते लिहिणार नाही. काय केलं ते लिहिते: गोळ्याचे ओळखू येणारे तुकडे पाटीत भरले आणि पडक्या विहिरीत टाकले. त्याच वर्षी आम्ही लोखंड कापायला गॅसकटर घेतला होता. मी सांगितलं, टाकी फुटली. पंचनाम्यात तेच लागलं. सासूला, दिराला, मंडळीला मी तेच सांगितलं.

दोन मुली होत्या. खरं सांगितलं असतं तर केस माझ्यावर आली असती आणि काटा टाकायला मला कोणी परवानगी दिली नसती. त्या दिवशीचा माझा निर्णय चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. त्याच्यावर दोन मुली शिकल्या. आधी सायकलवर फिरून पत्रा, बाटल्या, रद्दी घेतली, मग रस्त्याकडेला जागा, मग मोठा काटा. केडगावच्या व्यापाऱ्याकडे माल घेऊन गेले की तिथले लोक म्हणायचे, आली भांडकुदळ, आज जेवायला उशीर. न फुटलेला गोळा मात्र मी पुन्हा हातात घेतला नाही. कोणी पोत्यात घालून आणलाच तर त्याला पोत्यासकट रस्त्याच्या पलीकडे उभं करून जी भाषा वापरायची ती इथे लिहिण्यासारखी नाही.

एवढं करून एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. नवऱ्याचं भिजवणं गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचं मरण गावाने माझ्या तोंडून ऐकलं होतं. म्हणजे गावाच्या लेखी पाण्याचा उपाय बारा वर्षं चालला होता आणि एकदाही चुकला नव्हता.

धाकटा दीर आठ हंगाम ऊसतोडीला गेलेला माणूस. नवरा गेल्यावर नवव्या वर्षी, दसऱ्याच्या आधी तो माझ्या काट्यावर येऊन बसला. म्हणाला, यंदा कोयता उचलायचा नाही, पाठ गेली. मी म्हणाले, इथे या, माल भरायला, उतरवायला माणूस लागतोच. त्याला ते नको होतं. माझ्या हाताखाली काम करायला तो तयार नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझ्या हाताखाली काम करणं सोपं नाही.

"दादाचं काम शिकवा," तो म्हणाला. "तुमी समोर बसायच्या. मी ल्हान होतो, पन बघितलंय."

मी नाही म्हणाले. त्याने घराण्याची आठवण दिली, भावाची दिली, मी ऐकून घेतलं आणि पुन्हा नाही म्हणाले.

"सोताचं पोट भरलं," तो उठत म्हणाला, "आता दुसऱ्यानं ताटाला हात लावायचा न्हाई. व्हय ना वहिनी?"

"व्हय," मी म्हणाले. रागात म्हणाले. हा शब्द त्याने गावभर नेला.

मी का सांगितलं नाही, तर असं. विकलेला माल खराब निघाला तर परत येतो, बोलणी खाऊन का होईना आपण तो घेतो. सांगितलेली गोष्ट परत येत नाही. दिराला सांगितलं की तो मेव्हण्याला सांगणार, मेव्हणा त्याच्या साडूला, आणि प्रत्येकाकडे ती थोडी थोडी कमी होत जाणार. पूर्ण येणारा माझा नवरा त्यात गेला. अर्धं येणाऱ्यांची मला मोजणी करायची नव्हती.

पुढे एका शुक्रवारी जाऊ आली. प्लास्टिकचं पोतं आणलं होतं. वजन झालं, भाव झाला, तरी ती जाईना. मग हळूच म्हणाली की घरामागे बैलांच्या हौदात तीन आहेत. रविवारी एकवीस दिवस होतात. सोमवारी सकाळी हे बसणार आहेत, मला समोर धरायला सांगितलंय.

"बाई," ती म्हणाली, "एकवीस दिस पुरतात ना?"

मी व्यापारी आहे. समोरच्याचा प्रश्न ऐकून उत्तर तयार असतं माझ्याकडे. त्या दिवशी दोन्ही उत्तरं तोट्याची होती. पुरतात म्हणावं तर ती सोमवारी धरायला बसणार. पुरत नाहीत म्हणावं तर ती विचारणार, मग किती? मी तिला एवढंच म्हणाले की समोर बसू नकोस. ती म्हणाली, मग कोण बसणार, आणि पोतं झटकून गेली.

शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. ओट्यावर सासूबाई हुलगे निवडत बसल्या होत्या. दिराला मी सांगितलं, पाण्याने काही होत नाही. तो म्हणाला, दादाचं होत होतं. मी म्हणाले, दादा लपवायला ठेवायचा. तो हसला. अगदी भावासारखा हसला. म्हणाला, मला घाबरवून धंदा राखता काय. मला पुढचं वाक्य बोलायचं होतं आणि सासूबाई समोर होत्या. नऊ वर्षं त्या टाकीला शिव्या घालत आल्या होत्या. गॅसची शेगडीसुद्धा त्यांनी घरात येऊ दिली नव्हती.

मग मी मला येतं ते केलं. म्हणाले, तिन्ही मला द्या, भाव बोला.

त्याने असा भाव सांगितला की एरवी मी त्याला काट्यावरून हाकलला असता. मी म्हणाले, दिला.

तिथे मी चुकले. मी आयुष्यात पहिला भाव कधी मान्य केलेला नाही, मिठाच्या पुडीचासुद्धा नाही, आणि हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. दिराचे डोळे बारीक झाले. तो म्हणाला, "वहिनी घासाघीस करत न्हाई म्हंजी आत सोनं हाय." सासूबाईही हसल्या. मी निम्म्यावर यायला हवं होतं, उठून जायला हवं होतं, उंबऱ्यातून परत फिरायला हवं होतं. तसं केलं असतं तर तासाभरात तिन्ही गोळे माझ्या नावावर झाले असते. जीव अडकला होता म्हणून मी घाईला आले, आणि घाईला आलेला माणूस भाव करू शकत नाही.

घरी येऊन विचार केला. पोलीस पाटलाला फोन केला तर तीन गोळे जातील, हे खरं. पण चौथा आणायला याला कोण अडवणार? आणि याच्यासारखे गावात आणखी किती हौद भरून बसले असतील? गोळे काढून नेण्याने काम होणार नव्हतं. पाण्यावरचा विश्वास काढायला हवा होता, आणि तो काढायचा तर माझा नवरा कसा गेला ते सांगावं लागणार होतं. नऊ वर्षं जपलेलं खोटं. काटा जाणार, केस होणार, सासू तोंड बघणार नाही. एका बाजूला हे होतं आणि दुसऱ्या बाजूला सोमवारी सकाळी हौदाशेजारी समोरासमोर बसलेले दीर आणि जाऊ. मी फार उदात्त विचार केला असं नाही. मुख्य म्हणजे मला राग आला होता. एवढी वर्षं मी गप्प राहून संसार उभा केला, आणि या मूर्ख माणसापायी मला तोंड उघडावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी पहिला रविवार होता. दिराशी बोलायला मला अशी जागा हवी होती जिथे घासाघीस चालत नाही. गावात तशी एकच जागा आहे.

एका म्हातारबाबांची साक्ष झाली, बोअरला पाणी लागल्याची. ते मंडळीचे पंचही आहेत. आमेन झालं आणि मी उठले. मी कधी साक्ष दिली नव्हती, त्यामुळे बायका सरसावून बसल्या. त्यांना वाटलं, मुलीचं स्थळ.

"माझा नवरा टाकी फुटून गेला न्हाई," मी म्हणाले. "पंधरा दिवस पाण्यात भिजलेला गोळा फुटून गेला. टाकीचं मी खोटं सांगितलं, पोलिसांना पन आणि तुमाला पन."

पुढचं मी भराभर सांगितलं. हौद लपवण्यासाठी होता. पाणी गोळ्याचं काही करत नाही, एकवीस दिवस नाही आणि एकवीस वर्षं नाही. ज्याच्या ज्याच्या घरी हौदात काही असेल त्याने आजच्या आज पोलीस पाटलाला सांगावं आणि मुलाबाळांना त्या बाजूला जाऊ देऊ नये. सासूबाई कुठे बसल्यात ते मला माहीत होतं, म्हणून मी तिकडे बघितलं नाही.

मी खाली बसणार तेवढ्यात दीर उभा राहिला. पुरुषांच्या बाजूला, तिसऱ्या बाकाजवळ.

"मग कशानं मरतो ते सांगा," तो म्हणाला. "तुमाला ठाऊक हाय का न्हाई?"

पाळकसाहेबांनी हात वर केला. पण तेही उत्तराची वाट बघत होते, मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"ठाऊक हाय."

"मग सांगा."

"न्हाई सांगनार. तुझ्या दादाला माझ्यापेक्षा चांगलं येत हुतं. बघ कुठं हाय तो."

पंच बसल्या जागेवरून म्हणाले की देवाच्या घरात अर्धी साक्ष चालत नाही. तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणाले, "तुमची पुरी हुती का बाबा? पाणी लागलं ते सांगितलंत. बोअर शेजाऱ्याच्या बांधात मारला ते न्हाई सांगितलं."

हे बोलायला नको होतं असं सगळे म्हणतात. बांध कोणाचा होता याबद्दल मात्र अजून कोणी मला खोटं पाडलेलं नाही.

पोलीस पाटलाला मीच फोन केला, चर्चच्या पायरीवरून, दीर ऐकेल अशा आवाजात. दुपारपर्यंत गाडी आली, नंतर नगरहून पथक आलं. आमची गल्ली रिकामी करून सगळ्यांना शाळेत बसवलं. तिन्ही गोळे त्यांनी हौदातून काढले आणि माळावर नेऊन फोडले. तिसऱ्याच्या आवाजाने शाळेच्या पत्र्यावरची धूळ आमच्या डोक्यांवर पडली. मला वाटलं, आता तरी पटेल. दीर बाजूच्या माणसाला सांगत होता की त्यांनी त्यांची दारू लावून फोडले, त्यात काय सिद्ध झालं. जाऊ मात्र त्याच्याकडे बघत होती. तिने पदराने डोक्यावरची धूळ पुसली आणि त्याच्यापासून उठून सासूबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

पुढचं व्हायचं ते झालं. दिरावर गोळे बाळगल्याची केस, माझ्यावर खोट्या जबाबाची. काटा चार महिने बंद राहिला. मंडळीच्या महिला संघाची मी अध्यक्षा होते. मला न विचारता दुसरी नेमली. पाळकसाहेब घरी येऊन समजुतीच्या सुरात म्हणाले की साक्ष कृपेची असावी, गुन्ह्याची नसावी. मी त्यांना विचारलं, दोन माणसं जिवंत राहिली ही कोणाची कृपा? त्यांनी चहा घेतला आणि प्रार्थना करून गेले. गावाचं म्हणणं असं की मी नऊ वर्षं गप्प बसून कमावलं आणि मग पवित्र झाले. नऊ वर्षं गप्प बसले हे खरं आहे. पवित्र झाल्याचा दावा मी कधी केलेला नाही. पण त्याच आठवड्यात पोलीस पाटलाकडे गुपचूप दोन फोन आले, आणि आणखी दोन घरांतून गोळे निघाले. त्या घरांची नावं मला माहीत आहेत. ती माणसं रस्त्यात मला टाळतात.

सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. मग एकदा आपणहून काट्यावर आल्या. मला वाटलं, आता शिव्या. त्या म्हणाल्या, "त्याला दुखलं का गं?"

मी नाही म्हणाले. ते खरं की खोटं, हे मी कोणाला सांगणार नाही.

दोन्ही केसेसच्या तारखा पुष्कळदा एकाच दिवशी लागतात. मग दीर आणि मी एकाच बसने नगरला जातो, तो पुढे, मी मागे. कोर्टाबाहेर चहाच्या टपरीजवळ एक बाक आहे, त्याच्या दोन टोकांना आम्ही बसतो. तो माझ्याशी बोलत नाही. गेल्या वेळी तिथे एक माणूस आला, रानापलीकडच्या कुठल्या गावचा. इकडेतिकडे बघून माझ्याशेजारी टेकला. त्याने साक्षीची गोष्ट ऐकली होती. मी गोळा उघडणारी बाई, हे त्याने नेमकं लक्षात ठेवलं होतं. खरं सांगितल्याचा हा तोटा मला आधी सुचला नव्हता. पाणी कामाचं नाही ही बातमी जेवढी पसरली, तेवढीच ही पसरली की उपाय आहे आणि तो एका बाईला ठाऊक आहे. असे तीन-चार जण येऊन गेलेत. त्यांना मी बोलून पिटाळते, पण माझ्या बोलण्याने त्यांची खात्रीच होते.

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकावरून दीर बोलला. त्या माणसाकडे न बघता.

"तिला काय येतंय. माझा भाऊ जानकार हुता, तो गेला. ही नुसती भाव करनारी बाई हाय."

माणसाने एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. माझ्या अंगाला आग लागली होती. बारा वर्षं मी समोर बसले, माझे हात त्या कामात होते, आणि हा माणूस मला चारचौघांत अडाणी ठरवत होता. मी जिभेवर आलेलं गिळलं. सोपं गेलं नाही. तो माणूस "बरं" म्हणून उठला आणि गेटाच्या दिशेने चालू लागला. तो दिसेनासा होईपर्यंत मी गप्प बसले.

मग म्हणाले, "मला येतं."

"ठाऊक हाय," दीर म्हणाला.

आतून पुकारा झाला. त्याने त्याच्या चहाचे पैसे दिले, मी माझ्या चहाचे दिले, आणि आम्ही आपापल्या कोर्टात गेलो.